सुलट बाजूच्या गाठी

दुकान बंद करून मास्तर घरी बसले, त्याला वर्ष होत आलं होतं. चाळीस वर्षं लोकांच्या शर्टांना कॉलर बसवण्यात गेली. रिकामे हात कसे सांभाळायचे, हे शिकायचं राहूनच गेलं. आधी त्यांनी घरातल्या पडद्यांची लांबी कमी केली, मग उशांचे अभ्रे आवळले, आणि एके दिवशी बायकोच्या गाऊनला हात घातला.

"अहो," बायको म्हणाली, "या घरात शिवायचं आता फक्त माझं तोंड राहिलंय. नाक्यावरच्या त्या सभागृहात दर मंगळवारी काहीतरी शिवतात म्हणे. तिकडे जा."

मास्तर गेले. आपण त्या लोकांवर उपकार करायला चाललोय, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. पुढे ही समजूत ते स्वतःच कपाळाला हात लावून सांगत.

सभागृहात लांब टेबलाभोवती बारा जण बसायचे. एक ट्रक ड्रायव्हर, त्याचा उजवा हात अर्धांगवायूने गेलेला. एक निवृत्त नर्स. कोणाशी न बोलणाऱ्या दोन बहिणी. आणि ऑपरेटरबाई, ज्यांनी तीस वर्षं टेलिफोन खात्यात काढली होती आणि ज्यांना जन्मापासून दिसत नव्हतं. प्रत्येकाने घरचं जुनं कापड आणायचं, त्यावर मनाला येईल ते शिवायचं, आणि ते बारा तुकडे जोडून सभागृहाच्या रंगमंचाला पडदा करायचा.

"मास्तर, तुम्ही फक्त जोडून द्या," उपक्रम चालवणारी मुलगी म्हणाली. "कोणाचं काही सुधारायचं नाही हं."

मास्तरांनी मान डोलावली. गिऱ्हाईक 'जरा सैल ठेवा' म्हणालं की ते अशीच मान डोलवत, आणि मग स्वतःला हवा तसाच शर्ट शिवत.

पण मंगळवारची त्यांना चटक लागली. ड्रायव्हर त्यांची टर उडवायचा, त्यांच्या पायांचा आवाज आला की ऑपरेटरबाई "आले टापटीप!" म्हणायच्या, आणि घरी परतल्यावर मास्तर जेवताना तासभर बोलायचे. सोमवारी ते स्वतःचा शर्ट इस्त्री करून ठेवू लागले. हा मंगळवार गेला तर आपण पुन्हा अभ्रे आवळत बसू, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

एवढं ठाऊक असूनही, तुकडे जोडायला घरी आल्यावर त्यांचे हात शिवशिवू लागलेच. ड्रायव्हरची डाव्या हाताची शिवण भलतीकडेच गेलेली. ऑपरेटरबाईंचा निळा तुकडा तर बघवेना, सगळ्या गाठी सुलट बाजूला! गाठ ही उलट बाजूला लपवायची असते, हे शिवणकामातलं पहिलं अक्षर. मास्तरांनी तेवढ्या गाठी उसवून मागे नेल्या. मग शेजारचा ड्रायव्हर वाईट दिसायला लागला, त्यालाही सरळ केलं. चौथ्या दिवशी बारापैकी बारा तुकडे मशीनवर नव्याने शिवून झाले होते. मास्तरांनी पडदा खिडकीला लावून लांबून पाहिला आणि स्वतःचीच पाठ थोपटली.

मंगळवारी पडदा टेबलावर पसरला. मुलीचा चेहरा उतरला. बाकीचे वाकून आपापला तुकडा शोधू लागले, आणि मास्तरांना ते कौतुक वाटलं. ऑपरेटरबाईंची बोटं कापडावरून फिरली, थांबली, परत फिरली.

"माझा रस्ता कुठंय?"

"कुठला रस्ता, बाई?" नर्सने विचारलं.

"माझ्या घरापासून इथवरचा. वळण आलं की मोठी गाठ, पायरी आली की बारीक. माझ्या नोकरीतल्या साडीवर केला होता." त्यांनी शेजारच्या तुकड्यावर हात फिरवला, मग त्याच्या पलीकडच्या. "ड्रायव्हरपण नाही. या दोघी बहिणीपण नाहीत. आपण बारा जण होतो ना? इथे तर एकच माणूस आहे."

मास्तरांनी तोंड उघडलं. शर्ट बिघडला की 'कापडच आटलं' हे वाक्य त्यांच्या ओठांवर तयार असायचं. यावेळी ते बाहेर पडेना. "मीच उसवलं," ते म्हणाले. "मला वाटलं, चुकलंय." आयुष्यात इतकी लाज त्यांना कधी वाटली नव्हती.

त्यांनी तिथेच खाली बसून आपले टाके एकेक करून काढले, तुकडे ज्याचे त्याला परत दिले, आणि कोणाकडे न बघता घरी आले. पुढच्या मंगळवारी ते गेले नाहीत. सगळ्यांचे तुकडे पुन्हा शिवून झाल्यावर मुलीने ते घरी आणून दिले. मास्तरांनी फक्त जोडले. मग आपला एक जुना शर्ट कापला, डोळ्यांना टॉवेल बांधला आणि सुई हातात घेतली.

"अहो, हे काय नवीन?" बायकोने विचारलं.

"शिकतोय," मास्तर म्हणाले, आणि सुई बोटात घुसवून घेतली.

उद्घाटनाच्या दिवशी ते दाराशीच उभे राहिले. ऑपरेटरबाईंनी पडद्यावर हात फिरवून आपला रस्ता शोधला, पहिल्या वळणापासून शेवटच्या पायरीपर्यंत बोट नेलं आणि हसल्या. मग त्या खालच्या कोपऱ्यात अडखळल्या.

"हा तेरावा कोण? टाका एकीकडे, गाठ दुसरीकडे. अगदीच कच्चा दिसतोय."

"नवीन आहे," मास्तर दारातून म्हणाले.

बाईंनी त्या गचाळ गाठींवरून पुन्हा एकदा बोट फिरवलं.

"मंगळवारी यायला सांगा त्याला," त्या म्हणाल्या. "आणि म्हणावं, कात्री घरी ठेवून ये."