पोटरीतला गोळा आणि माझा ठराव

मणक्याचं ऑपरेशन झालं की माणूस नम्र होतो म्हणतात. मी झालो नव्हतो. मला नुसतं वाकता येत नव्हतं, आणि या दोन गोष्टींत फरक असतो, हे बायकोने मला पहिल्याच आठवड्यात ऐकवलं.

दुष्काळाचं लागोपाठ दुसरं वर्ष होतं. आमची सोसायटी एकेकाळी शहराबाहेर असलेल्या सातारा परिसरात. शहर वाढत वाढत आमच्याही पुढे मैलभर गेलं होतं, नळाची पाइपलाइन मात्र मागेच कुठेतरी दम खात थांबली होती. आम्ही टँकरवर जगायचो. टँकर खालच्या टाकीत रिकामा व्हायचा, तिथून पंपाने पाणी गच्चीवरच्या टाकीत चढायचं आणि मग घरोघरच्या नळाला यायचं. चार मजले, सोळा बिऱ्हाडं, आणि मी सेक्रेटरी.

सेक्रेटरीचं पद आमच्याकडे कुणी मागत नाही. जो मीटिंगला वेळेवर येतो त्याच्या गळ्यात ते पडतं. माझ्या मात्र ते डोक्यात गेलं. ऑपरेशनच्या दोन महिने आधी मी ठराव मांडला: पंप बंद. ज्याला पाणी लागेल त्याने खालच्या टाकीतून बादलीने भरून न्यावं. "जिना चढताना दम लागला की पाण्याची किंमत कळते," असं एक वाक्यही मी ठोकून दिलं. टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवणारे बहुतेक तळमजल्यावरचे होते, हे माझ्या उशिरा लक्षात आलं. आम्ही राहायचो तिसऱ्या मजल्यावर.

ठराव माझा, म्हणून सुरुवातीला मीच दोन्ही हातांत बादल्या घेऊन, लोकांना दिसेल अशा बेताने, जिना चढायचो. पाठ आधीपासून कुरकुरत होती. एके दिवशी दुसऱ्या मजल्यावर ती कुरकुरायची थांबली आणि ओरडली. सर्जनांना ही सगळी हकीकत सांगितली तेव्हा त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं आणि परत घातला.

घरी सोडताना मात्र त्यांनी बजावलं. "पायात ताकद कमी वाटली, काही विचित्र दुखलं, तर लगेच यायचं. क्वचित पुन्हा उघडावं लागतं." बाकीच्या सूचना बायकोने लिहून घेतल्या. माझ्या डोक्यात तेवढं एकच राहिलं, पुन्हा उघडावं लागतं.

दहाव्या दिवशी दुपारी डाव्या पोटरीत गोळा आला. पोटरी दगडासारखी झाली, अंगठा आपोआप खाली वळला आणि डोळ्यांत पाणी आलं. गोळा आला की शहाणा माणूस वाकून अंगठा धरतो आणि वर ओढतो. मला वाकायची बंदी. स्वतःचीच पोटरी, पण तिच्यापर्यंत हात न्यायची सोय नव्हती. मला खात्रीच पटली की आत बसवलेला एखादा स्क्रू ढिला झाला आहे. पुन्हा टेबल, पुन्हा तो पिवळट दिवा, पुन्हा पालथं पडणं. मी घाबरलो होतो, साफ घाबरलो होतो. म्हणून मी कुणाला सांगायचंच नाही असं ठरवलं.

पण ओरडणं कसं लपवणार? तोंडातून शिवी बाहेर पडायच्या बेतात होती, तिला वाटेतच वळवून मी "आई जगदंबे!" म्हणालो. पुढच्या गोळ्यालाही तेच. दिवसातून चार-पाच वेळा आमच्या घरात जगदंबेचा पुकारा होऊ लागला.

मदतीला म्हणून वैजापूरहून बायकोची मावशी येऊन राहिली होती. शेतीतलं माणूस, वय सत्तरीच्या पुढे, चालणं माझ्या दुप्पट वेगाचं. तिला गहिवरून आलं. "जावईबापू, लई भाव जागला बगा तुमच्यात," ती म्हणाली. "पयले तर देवघराकडं पाठ करून पेपर वाचायचे." मग ती रोज दुपारी माझ्या खाटेशी उदबत्ती लावून बसू लागली. मी ओरडलो की तीही सुरात सूर मिसळायची. एकदा तर गोळा लवकर ओसरला आणि ती नाराज झाली, म्हणून मी आणखी दोनदा जगदंबेला हाक मारली. इतकं ढोंग मी नोकरीतल्या तीस वर्षांत साहेबांपुढेही केलं नव्हतं.

आणखी एक गोष्ट मी लपवली होती. मी पाणी पिणं जवळजवळ सोडलं होतं. सकाळी चहा, औषधाच्या गोळ्यांबरोबर दोन घोट, संपलं. कारण पाणी प्यालो की संडासला जावं लागणार. म्हणजे बायको मला कुशीवर वळवणार, काखेत हात घालून उठवणार, पट्टा बांधणार, तिथपर्यंत नेणार आणि वर अर्धी बादली ओतणार. ती बादली तीन जिने चढून आलेली, माझ्या ठरावापायी. तिचे गुडघे दुखायचे. एक फोन करून ठराव मागे घेता आला असता. पण मग सोळा बिऱ्हाडं हसली असती. त्यापेक्षा तहान परवडली. मनातल्या मनात मी स्वतःला शाल-श्रीफळही देऊन टाकलं होतं.

मावशीनेच बिंग फोडलं. उदबत्ती लावताना तिची नजर माझ्या पायाकडे गेली. मी जगदंबेला आळवत होतो आणि अंगठा वेडावाकडा झाला होता. "आगं ये पोरी!" ती ओरडली, "ही भक्ती नाय, यांच्या पिंढरीत गोळा आलाय!" तिने माझा तळवा धरला आणि बोटं पोटाच्या दिशेला रेटली. कापूस वेचलेले हात ते. क्षणात पोटरी सैल पडली. मला रडू आलं. इतक्या दिवसांत एवढंच करायला हवं होतं, आणि कुणीही केलं असतं.

बायकोने रिक्षा बोलावली आणि मला औरंगपुऱ्यात दवाखान्यात नेलं. वाटेतल्या प्रत्येक गतिरोधकाला तिने रिक्षावाल्याला "भाई, आहिस्ता" म्हटलं आणि माझ्याकडे मात्र एकदाही पाहिलं नाही.

सर्जनांनी पाय उचलून पाहिले, अंगठा वर करायला लावला, दाबून बघितला.

"पुन्हा उघडायचं नाही ना?" मी विचारलं.

"काय?"

"पाठ."

"कशाला? उत्तम आहे. पाणी किती पिता?"

"लागेल तेवढं."

"तांब्या भरते तसाच संध्याकाळी झाडांना ओतते मी," बायको म्हणाली.

सर्जनांनी माझी जीभ बघितली. "दुष्काळ धरणात आहे," ते म्हणाले, "तो अंगात आणायची गरज नाही."

परतताना रिक्षात मी सगळं कबूल केलं. तिचे गुडघे, तीन जिने, बादल्या, ठराव. माझ्या त्यागाचं वर्णन जरा लांबलंच. तिने ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"कुठल्या बादल्या?" ती म्हणाली. "पंप चालूये. तुम्हाला अॅडमिट केलं त्याच दिवशी सगळ्यांनी मिळून चालू केला. सकाळ-संध्याकाळ अर्धा-अर्धा तास. म्हणाले, साहेबांना बरं वाटलं की सांगू, आत्ता मनाला लावून घेतील."

इतके दिवस मी खाटेवर पडून मनातल्या मनात तिला जिना चढताना बघत होतो, आणि ती स्वयंपाकघरात नळाखाली भांडी धूत होती. नळाचा आवाज मला येतही असावा. पण पंप मी बंद केला होता, तेव्हा नळाला पाणी असणं शक्यच नव्हतं.

मी हसलो. ती हसली नाही. रिक्षा सिग्नलला थांबली होती.

"मला काय वाटायचं माहितीये?" ती बाहेर बघत म्हणाली. "आधी तुम्ही दिवसातून सहा-सात वेळा हाक मारायचात. मग एकदम बंद. मला वाटलं, माझा हात लागलेला तुम्हाला नको झालाय. दाराबाहेर बसून राहायची मी, आत्ता बोलवाल, मग बोलवाल म्हणून."

ठराव मांडताना जिभेवर असलेली सगळी वाक्यं त्या वेळी कुठे गेली होती कोण जाणे. मी तिचा हात धरला. तो तिने सोडवून घेतला नाही, पण घट्टही धरला नाही.

घरी आल्यावर तिने तांब्या भरून आणला आणि समोर उभी राहिली. मी तो तळापर्यंत प्यालो. मग ती आत कामाला गेली.

तासाभराने मी तिला हाक मारली. ती ओल्या हातांनीच, जवळजवळ पळत आली.