पडवीत टांगलेला चेंडू

मल्हारी गांगुर्डे व्हॉलीबॉल शिकला मनमाडच्या रेल्वे मैदानावर. उडी अशी, की नेटच्या वर कोपरापर्यंत हात जायचा. त्या उडीवरच सातपूरच्या एका कारखान्याने त्याला कामावर घेतलं. घेतलं, पण टेम्पररी. काही महिने काम, मग ब्रेक, मग परत बोलावणं. "कप आणा, परमनंट करू," असं वेल्फेअर ऑफिसर दर हिवाळ्यात म्हणायचे.

रंगनाथ बोराडे त्याचा लिफ्टर. तो परमनंट होता, निफाडकडे घरची द्राक्षबाग होती. रंगनाथने चेंडू उचलायचा, मल्हारीने मारायचा. दोघं एकाच खात्यात, दुपारचा डबाही एकत्र. मल्हारीची बायको चांगुणा बोंबलाची चटणी द्यायची, ती रंगनाथला फार आवडायची. माझ्या घरी मात्र सांगू नकोस म्हणायचा.

एकोणऐंशीच्या जानेवारीत कारखान्यांच्या स्पर्धेची फायनल त्यांच्याच मैदानावर आली. आदल्या दुपारी रंगनाथने नवा चेंडू भट्टीशेजारच्या कॉम्प्रेसरवर भरला. शेड तापलेली, हवाही गरम. चेंडू टणक झाला, दोघांनी दाबून पाहिला. स्टोअरला कुलूप लागलं होतं, म्हणून मल्हारी तो घरी घेऊन गेला. खोली एकच, त्यात स्टोव्ह. चामड्याला चटका नको म्हणून त्याने चेंडू बाहेर पडवीत खुंटीला टांगला.

त्या रात्री थंडीने कहर केला. निफाडकडे पानांवरच्या दवाचा बर्फ झाला. सकाळी मैदानावर पंचांनी चेंडू दाबला, तर अंगठा आत गेला.

"व्हॉल्व गेलाय. भरला तरी परत उतरेल," समोरचा कॅप्टन म्हणाला.

पंप आणला, तर त्याची सुई मोडकी निघाली. पंचांनी पाहुण्यांचा चेंडू घेतला. तो जड होता, रंगनाथचा हात त्यावर बसेना, मल्हारीचे फटके बाहेर जाऊ लागले. तिन्ही गेम गेले.

आपला चेंडू तोवर टेबलावर उन्हात पडून होता. मॅच संपल्यावर रंगनाथ तो उचलायला गेला. त्याने सवयीने अंगठा दाबला आणि थबकला. चेंडू काल दुपारसारखाच टणक होता. हवा कुठेच गेली नव्हती. थंडीने आतल्या आत तिचा जोर उतरला होता, उन्हाने तो परत आणला होता. एवढं सगळं रंगनाथला त्या क्षणी उमगलं असेल-नसेल, पण व्हॉल्व शाबूत आहे आणि हवा कोणी सोडलेली नाही, एवढं हाताला कळलं होतं. त्याने वर पाहिलं. मल्हारी त्याच्याकडेच बघत होता. रंगनाथने चेंडू पिशवीत घातला.

तंबूत वेल्फेअर ऑफिसर वाट बघत होते. समोरच्या टीमच्या कारखान्याने मल्हारीला नोकरी देऊ केली होती, हे त्यांच्या कानावर आलं होतं.

"बोराडे, काल चेंडू ठीक होता?"

"टणक होता साहेब."

"मग रात्रीत काय झालं?"

रंगनाथ खाली बघत म्हणाला, "रात्री माझ्याकडे नव्हता."

मल्हारी म्हणाला, "साहेब, पिशवीतला चेंडू दाबून बघा. आत्ताही टणक आहे."

साहेबांनी दाबला. "म्हणजे आता कोणीतरी भरला."

पंपाची सुई मोडकी होती, हे रंगनाथने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. तो बोलला नाही. मागून कोणीतरी हळूच म्हणालं, "यांच्या वस्तीत चेंडू द्यायचाच कशाला?" त्यावरही तो बोलला नाही.

पुढच्या ब्रेकनंतर मल्हारीला बोलावणं आलं नाही. नोकरी देऊ करणाऱ्या त्या कारखान्यात गेला, तर तिथे बातमी आधीच पोचली होती. शेवटी एका गाळ्यात ड्रिल मशीनवर चिकटला. चांगुणाने धुण्याभांड्याची कामं धरली. एकदा तिने विचारलं, "खेळायला का जात नाही?" तो म्हणाला, "गुडघा दुखतो." गुडघ्याला काहीही झालेलं नव्हतं.

शहाऐंशीच्या उन्हाळ्यात रंगनाथ दारात आला. कारखान्याच्या टीमचं आता तोच बघायचा. पोट सुटलं होतं. चांगुणाने पाणी दिलं आणि ती आत गेली.

"पोरांना शिकवायला ये," तो म्हणाला. मग पेला खाली ठेवला. "तू हवा सोडली नव्हतीस, हे मला तेव्हाच कळलं होतं, मल्हारी."

"तुला कळलं होतं, हे मी पाहिलं होतं."

"घाबरलो होतो रे. कॅप्टनशिप मलाच देणार म्हणत होते."

"दिली ना?"

"दिली."

शिकवायला येणार नाही, असं मल्हारीने सांगितलं. आवाज चढवला नाही. रंगनाथने विचारलं, साहेबांना आता जाऊन खरं सांगू का? ते साहेब तर केव्हाच पुण्याला बदलून गेले होते, हे दोघांनाही माहीत होतं. मल्हारीने त्याला तेवढीच आठवण करून दिली आणि सेकंड शिफ्टला उशीर होतो म्हणून सायकल बाहेर काढली.