मरळ, मिठवणी आणि न्हाणीची चूल

सातारा स्टँडवरून सकाळी सव्वासातच्या एस.टी.ने निघालो तेव्हा माझ्या वहीत तीन दिवसांचा बेत लिहिलेला होता. कराडला गाडी बदलायची, शिराळ्याच्या बाजूला एखादे गुऱ्हाळ पाहायचे, दुसऱ्या दिवशी सांगलीचा हळदीचा बाजार आणि तिसऱ्या दिवशी परत पुणे. माशांचा त्यात कुठेही उल्लेख नव्हता.

फेब्रुवारीचा पहिला आठवडा होता. उंब्रजपर्यंत खिडकीतून गार वारा येत होता. दोन्ही बाजूंना उसाची तोड चालू होती आणि रस्ता बैलगाड्यांचा होता. मोटारींनी त्यांच्या मागून जायचे. कराडला पोचायला पाऊण तास उशीर झाला.

शिराळ्याच्या गाडीत बसताना दारातच खोळंबा झाला. साठीच्या आसपासची एक बाई डोक्यावर तांब्याची घागर घेऊन चढत होती. घागरीचे तोंड ओल्या फडक्याने बांधलेले होते. कंडक्टरने हात आडवा घातला.

"आक्का, घागरीत काय?"

"पानी."

"मग ते आपलं आपण हालतंय कसं?"

"गाडी सुटली की तूबी हालशील. सर बाजूला."

मागची माणसे हसली आणि बाई आत आल्या. माझ्या शेजारची जागा रिकामी होती. घागर त्यांनी दोन पायांत धरली.

मलकापूर मागे पडले. कासेगावच्या अलीकडे पुढच्या बैलगाडीचे जू मोडले आणि ड्रायव्हरने करकचून ब्रेक दाबला. फडके सुटले आणि वीतभर लांबीचा एक काळा मासा माझ्या बुटावर येऊन पडला. तो जिवंत होता. मी तो वर्तमानपत्रात धरला. अंक आमच्याच दैनिकाचा, कालचा होता.

कंडक्टर आला. "उतरा आक्का. मासळी गाडीत चालत न्हाई."

"उतरीव," बाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "पर माजी सून बाळंत होऊन पंधरा दिस जालं, ती जेवंना. अंगावरचं दूध आटत आलंय. हे तिच्यासाठी हाय. मला उतरीव आनी तूच जाऊन तिला सांग, का उतरीवलं ते."

कंडक्टरने घंटीच्या दोरीवरचा हात काढला. मग म्हणाला, "मागल्या बाकावर बसा. आणि फडकं नीट बांधा."

मासा कागदासकट घेऊन मीही मागे गेलो. बाईंचे नाव हौसाबाई. गावात त्यांना हौसाक्का म्हणतात. घागरीत मरळ होत्या. हा मासा थोड्या पाण्यातही बराच काळ जगतो, म्हणून त्यांनी कराडला कृष्णेच्या काठी जाऊन भोई लोकांकडून बारा मरळ घेतल्या होत्या. मुलगा जयसिंग फौजेत ड्रायव्हर. पूर्वेकडे नेमणूक असताना त्याने मणिपूरच्या एका मुलीशी लग्न केले. ती तोंबी. बाळंतपणासाठी तो तिला गावी सोडून पुन्हा पलटणीत गेला होता.

"आळिवाची खीर केली, डिंकाचं लाडू केलं. समदं ताटात तसंच," हौसाक्का म्हणाल्या. "काय पायजे म्हनून इचारलं, तर धुरात वाळीवल्याला मासा. तिच्या आईच्या घरात चुलीवर टांगून ठेवत्यात. मी म्हनलं, करू."

"केलाय कधी?"

"न्हाई. म्हनून तर करायचा."

गुऱ्हाळ पाहायचे आहे, असे मी सांगितले. "आमच्या भावकीचं हाय. या की पावणं," एवढेच त्या म्हणाल्या. शिराळ्याला उतरून आम्ही दोन मैल चाललो. त्यांनी घागर डोक्यावरून एकदाही खाली ठेवली नाही.

गाव डोंगराच्या पायथ्याशी, ओढ्याला लागून. भातखाचरे मोकळी पडली होती, त्यांच्या खाली ऊस. घर कौलारू, चार खणांचे. बाळंतिणीच्या खोलीत तोंबी बाजेवर बसली होती. वय विशीचे, चेहरा उतरलेला. बाजेखाली शेगडी होती. तान्ही मुलगी रडत होती, आणि तो आवाज भुकेचा आहे हे मलाही कळत होते. ताटात बाजरीची भाकरी तशीच होती. हौसाक्कांनी घागरीचे फडके सोडून दाखवले. तोंबीने आत पाहिले आणि एक बोट पाण्यात बुडवले.

एक अडचण होती. या घरात मासा खातात, पण आत शिजत नाही. देव्हारा स्वयंपाकघरात आहे. कालवण परसात तीन दगडांवर होते. दोन दिवस धूर धरायला उघड्यावरची चूल उपयोगाची नव्हती. हौसाक्कांनी याचा विचार गाडीतच केला होता. धूर गुऱ्हाळात भरपूर होता.

गुऱ्हाळ ओढ्यापलीकडे होते. तिथला गुळव्या (गूळ तयार करणारा कारागीर) नाना, उंच, वाळका, चाळीस वर्षे काहिलीपुढे उभा राहिलेला. काहील म्हणजे रस आटवण्याची दहा हात घेराची कढई. रस तापू लागला की ठेचलेल्या रानभेंडीचे बुळबुळीत पाणी त्यात ओततात. ते रसातली घाण धरून वर येते. त्या फेसाला मळी म्हणतात. ती झाऱ्याने काढली की खाली सोन्याच्या रंगाचा रस उरतो. मला त्याने गरम काकवी आणि भाकरी दिली. त्या प्रवासातले ते सर्वांत चांगले जेवण होते, हे नमूद करतो.

सहा मरळ हौसाक्कांनी गोठ्यातल्या दगडी दोणीत जिवंत सोडल्या. उरलेल्या सहा साफ करून पाठीतून चिरल्या. मिठवणी (मिठाचे दाट पाणी) कशी हवी ते तोंबीने सांगितले होते: कोंबडीचे अंडे तरंगले पाहिजे. अंडे तरंगले, पण खडेमीठ मातकट होते आणि पाणी गढूळ झाले.

नानाने वाकून पाहिले. "आक्का, ही मिठवणी हाय का वढ्याचा पूर? मळी काढल्याबगर कशात काय घालू नये."

"काढ की मग."

नानाने रानभेंडीचे पाणी ओतले. मळी वर येण्यासाठी तो थांबला. ती आली नाही. त्याने आणखी भेंडी घातली. पाणी थोडे निवळले, तेव्हा सगळ्यांचे समाधान झाले. माझेही. मासे रात्रभर त्यात राहिले.

दुसऱ्या दिवशी ते चुलवाणाच्या (काहिलीखालच्या भट्टीच्या) धुराड्याजवळ तारेला टांगले. मिठवणीतून काढताना प्रत्येक माशाखाली तार धरत होती. ती पाकासारखी लांबत होती. नानाला त्यात वावगे वाटले नाही. त्याच्या धंद्यात तार हे चांगले लक्षण असते. संध्याकाळपर्यंत माशांवर चिकट काळा थर जमला होता. आत मांस ओले आणि सैल. वास मी इथे लिहीत नाही. गुऱ्हाळावरचे कुत्रे जवळ आले, हुंगले आणि परत गेले.

"कुत्र्यानंबी नापास केलं रं नाना," चुलवाणात चिपाडे लोटणारा गडी म्हणाला.

"भेंडीनं आजवर कुनाचं वाटुळं केलं न्हाई," नाना म्हणाला, पण हळू.

हौसाक्कांनी एक मासा पानात घेतला आणि घरी जाऊन सुनेपुढे ठेवला. मी उंबऱ्याबाहेर होतो. तोंबीने माशावरून बोट फिरवले. दोन बोटांत ती तार ओढून पाहिली.

"आक्का, इसमें क्या डाला?"

"भेंडी."

"भेंडी?"

"पानी साफ कराय. नाना म्हनला."

तोंबी आधी सासूकडे पाहत राहिली. मग ती हसू लागली. "मछली का गूळ बनाया," ती म्हणाली आणि हसता हसता तिला धाप लागली. हौसाक्का हसल्या नाहीत. त्यांनी सहा मरळ आणि एक दिवस गमावला होता, आणि आत मुलगी पुन्हा रडू लागली होती.

"नुसतं सांगून मला जमायचं न्हाई," त्या शेवटी म्हणाल्या. "ऊठ. तूच दाव."

शेजारी राहणारी हौसाक्कांची जाऊ दारात आली होती. "आक्का, सव्वा म्हैना व्हायच्या आत भाईर? वारं लागंल तिला."

"उपाशी मेल्यावर वारं लागत न्हाई. पाट आन."

जाऊबाईंनी पाट आणला.

परसदारी न्हाणी होती, भिंतीची आणि छपराची. बाळ-बाळंतिणीच्या अंघोळीसाठी तिथे पाणी तापवायची चूल पंधरा दिवस सकाळ-संध्याकाळ पेटत होती. तोंबी बाजेवरून रोज तिचा धूर पाहत होती. तिने बोट दाखवले. सासूबाईंनी चुलीकडे पाहिले, घरात देव्हाऱ्याच्या दिशेने पाहिले.

"ती काय सैपाकाची चूल न्हवं," त्या म्हणाल्या, आणि प्रश्न मिटला.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी सांगलीचा बेत वहीत खोडून पुढच्या तारखेला लिहिला. तोंबी कानाला फडके बांधून, शाल पांघरून पाटावर बसली आणि तिथून सूचना देऊ लागली. मीठ पाण्यात विरघळवून तासभर स्थिर ठेवायचे, गाळ खाली बसला की वरचे पाणी धोतराच्या फडक्यातून गाळायचे. नानाच्या मळीला एवढाच पर्याय होता. अंडे सोडले, बोटाच्या पेराएवढे वर राहिले. दोणीतल्या सहाही मरळ जिवंत होत्या. चिरून त्या दुपारपर्यंत मिठवणीत ठेवल्या, मग कोरड्या फडक्याने पुसून सावलीत वाऱ्याला टांगल्या. कावळे हाकलायचे काम माझ्याकडे आले.

सरपणाची निवड तिने हुंगून केली. निंबाची ढलपी बाजूला टाकली, आंब्याची ठेवली. मग कोपऱ्यातल्या पोत्यात तिला भाताचे तूस दिसले. तिने मूठ भरून ते नाकाशी नेले. "हमारे घर भी यही," ती म्हणाली. त्या गावात शिरल्यापासून तिला ओळखीचे वाटलेले ते पहिलेच काही असावे.

कुंपणावरून नाना डोकावला. "भेंडी लागंल का?"

"तुज्या कालवणात घाल, गुळव्या."

दिवस कलताना तोंबीने एका माशावर तळहात दाबला आणि उचलला. तळहात चिकटला नाही. बांबूच्या कामट्यांची जाळी चुलीच्या वर हातभर उंचीवर बांधून मासे तिच्यावर मांडले. जाळ होऊ द्यायचा नाही, फक्त धूर. तूस पेटू लागले की हौसाक्का त्यावर पाण्याचा हबका मारत. पाच मिनिटांत आमचे डोळे वाहू लागले. तोंबी मुलीला घेऊन आत गेली आणि आतून दर थोड्या वेळाने विचारत राहिली, "जाळ है क्या?" "न्हाई गं," असे उत्तर जाई.

चौथ्या दिवशी दुपारी मासे मधासारख्या तपकिरी रंगाचे झाले होते. मोडले तर कडेला कट आवाज आणि आत घट्ट, कोरडे मांस. तोंबीने भाकरी नको म्हटले, भात मागितला. मिरची आणि कांदा चुलीत भाजून त्यात एक मासा कुस्करला आणि हाताने कालवला. पहिल्या घासानंतर ती थांबली. हौसाक्कांच्या हातात तांब्या होता, तो तिथेच राहिला. मग तोंबी जेवू लागली. तिने दोनदा भात घेतला. जेवताना ती कोणाकडे पाहत नव्हती.

ताट पुसून झाल्यावर तिने माशाचा एक तुकडा सासूच्या तळहातावर ठेवला. हौसाक्कांनी तो सावकाश चावला.

"धुराचं लागतंय."

"अच्छा नहीं?"

"मी कुटं तसं म्हनलं? आनीक दे."

त्या संध्याकाळी मुलीला उशिरापर्यंत अंगावर घेतल्याचे जाऊबाईंनी सांगितले. एवढ्यावरून निष्कर्ष काढणे योग्य नव्हते. मी वहीत फक्त नोंद केली.

पाचव्या दिवशी निघालो. हौसाक्कांनी एक मासा पळसाच्या पानात बांधून दिला. सांगलीत हळदीचा बाजार पाहिला आणि कुपवाडच्या बाजूला फेरी मारून लॉजवर परतलो, तेव्हा व्यवस्थापक माझ्या खोलीच्या दाराशी उभे होते. "साहेब, हे शुद्ध शाकाहारी लॉज आहे. आपल्या खोलीत काही जळतंय का?" माशाची पिशवी मी खिडकीबाहेर टांगली. त्यांनी ती दोनदा येऊन पाहिली. दुसऱ्यांदा त्यांनी विचारले, "हे टिकतं किती?"

मला माहीत नव्हते. म्हणून पुण्यात आल्यावर मासा पानासकट स्वयंपाकघराबाहेर दोरीला टांगला आणि रोज तपासला. नवव्या दिवशी तो खाल्ला. चांगला होता. सांगलीच्या हळदीवर मी आधी लिहायचे ठरवले होते; ते पान अजून कोरे आहे. ज्या गोष्टीची मला काहीच माहिती नव्हती तिच्यावर वहीची अकरा पाने भरली होती. त्यांतली पहिली चार आम्ही काय चुकलो यावर होती. काहिलीपुढे मळी काढणाऱ्या माणसाने मिठवणीचीही मळी काढावी, हे मला त्या वेळी अगदी रास्त वाटले होते. जिला सगळे माहीत होते तिला बाजेवरून उठायची परवानगी नव्हती.

महिन्याभराने एक पोस्टकार्ड आले. अक्षर गावच्या मास्तरांचे, बोलणे हौसाक्कांचे. मजकूर असा: "पावणं, सून जेवती. पोरगी अंगानं भरली. जयसिंगला रजा मिळाली न्हाई. कराडास्नं आणखी मरळ आणल्या, न्हाणीत टांगल्यात. कंडक्टरनं एक मागितली, दिली. भेंडी घातली न्हाई."