भासरे मिटिंगमध्ये

ऑनलाइन मिटिंगमध्ये लिहायला जी जागा असते ना, चॅटबॉक्स, तिला मी नमस्कारपेटी म्हणायची. संग्रामपूर तालुक्यात मी अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका. माझ्या सेविकांनी ती पेटी कामासाठी कधी वापरलीच नव्हती. मिटिंग सुरू झाली की नमस्कार सर, नमस्कार मॅडम, राम राम. एकीला आवाज येत नाही, दुसरी विचारते जेवण झालं का. एक बाई तर दर वेळी गुलाबाचं फूल टाकायची. मी चिडायची. ग्रुपवर सूचना टाकायची, बायांनो, कामाचं असेल तरच लिहा. त्या सूचनेखाली पुन्हा सगळ्यांचे हात जोडलेले. करता काय!

मला स्वतःला मात्र हे नवं प्रकरण फार आवडायचं. पूर्वी मिटिंग म्हटली की बुलढाण्याला जाणं-येणं, अख्खा दिवस एसटीत. आता ऑफिसात चहा पीत मिटिंग. त्यामुळं मी एकेक बटण दाबून पाहायची आणि लगेच सेविकांना शिकवायची. हात कसा वर करायचा, आवाज कसा बंद करायचा. मागचं चित्र बदलायला शिकवलं, तर पुढच्या मिटिंगला अर्ध्या जणी समुद्रकिनाऱ्यावर जाऊन बसल्या.

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. सातपुड्याच्या पायथ्याशी एक लहान गाव आहे, तिथल्या अंगणवाडीचं छत गळकं झालं होतं. जिल्ह्याच्या साहेबांच्या मनात आलं, दुरुस्तीची कटकट नको, ती अंगणवाडी शेजारच्या गावातल्या अंगणवाडीत मिसळून टाकू. निर्णय ऑनलाइन मिटिंगमध्ये व्हायचा होता. तिथली सेविका रडकुंडीला आली. दोन गावांच्या मध्ये नाला आहे, पावसाळ्यात लेकरं तो ओलांडणार कशी, ही तिची काळजी. मी म्हटलं, हे तूच साहेबांना सांग, तुझ्या तोंडून जास्त पटेल. फोनवर आम्ही तालीमही केली. लेकरांना गाणी शिकवणारा आवाज तिचा, फाडफाड बोलायची.

मिटिंगच्या दिवशी साहेबांनी तिचं नाव घेतलं आणि तिची चौकट काळी झाली. साहेब म्हणाले, नेटवर्क गेलं वाटतं, आणि पुढं सरकले. मी कपाळावर हात मारला. तेवढ्यात तिचाच फोन आला. रेंज चांगली होती की! मग काऊन बोलून नाही राह्यली, म्हणून मी खेकसलेच.

"मॅडम, भासरे बसून राह्यले समोर," ती कुजबुजली. "मी कशी बोलू?"

भासरे म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. ते गावचे सरपंच, आणि साहेबांनी संमतीसाठी त्यांनाही मिटिंगमध्ये घेतलेलं. त्या घरची रीत अशी की लग्न होऊन आल्यापासून ही त्यांच्याशी एक शब्द बोललेली नाही. ते ओट्यावर आले की ही आत. जेवायला वाढलं आहे हा निरोपसुद्धा लेकराच्या तोंडून जाणार. भांडण नाही, वैर नाही, नुसता मान. गावच्या बैठकीत ते पुढं बसायचे, ही मागं बायांत, निभून जायचं. मोबाईलनं दोघांना तोंडासमोर तोंड आणून बसवलं. पळणार कुठं बिचारी?

मला राग आला, रीतीचाही आणि तिचाही. पण आयुष्यभराची रीत मोड म्हणून तिला त्या घडीला सांगणार कोण? बरं, साहेबांनी सगळ्यांचे आवाज बंद करून ठेवलेले, मलाही बोलता येईना. तेव्हा एकदम नमस्कारपेटी आठवली.

"पदर घे आणि चॅटमध्ये लिही," मी म्हटलं. "लिहायला काय तोंड लागते?"

साहेब पडद्यावर तक्ता दाखवत होते, त्यांचं चॅटकडं लक्षच नव्हतं. तक्ता संपवून त्यांनी सरपंचांचा आवाज तेवढा सुरू केला आणि विचारलं, तुमची काही हरकत नाही ना? सरपंच हो म्हणणार, तोच त्यांची नजर खाली गेली. नमस्कारांच्या गर्दीत, गुलाबाच्या फुलाखाली, तिचं नाव आणि तिचं लिहिणं आलं होतं. त्यांनी चष्मा चढवला. आणि ग्रामसभेत ठराव वाचावा तसं ते मोठ्यानं वाचू लागले:

"साहेब, मधात नाला लागते. पाणी आलं की आम्ही मोठ्या बाया एकमेकीचा हात धरून उतरतो. तीन वर्षाचं लेकरू कसं उतरन? छत गळते तर छत दुरुस्त करा. लेकरं नका हलवू."

वाचून झालं. त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला.

"हे आमच्या घरच्या सुनेनं लिह्यलं हाये," ते म्हणाले. "माही हरकत हाये, साहेब."

ऑफिसात मी एकटीच टाळ्या वाजवत होते. डोळ्यांना पाणीही आलं, खोटं कशाला सांगू! साहेबांनी मिसळायचा विषय बाजूला ठेवला आणि छताच्या दुरुस्तीचं बोलू लागले.

पत्रे बदलले का ते पाहायला मी पावसाळ्याच्या तोंडावर गावात गेले. बदलले होते. मग सेविका मला घरी घेऊन गेली. सरपंच ओट्यावर मोबाईलमध्ये डोकं घालून बसलेले, ही पदर सावरून बाजूनं आत. रीत जिथल्या तिथं! मी मनात म्हटलं, हात टेकले बाप्पा. इतक्यात आत तिचा मोबाईल वाजला. ओट्यावरून निरोप आला होता, मॅडमले चहा द्या. मी हसायला लागले, तीही हसली. मग तिनं बोटानं वर सरकवत सरकवत त्यांचा पहिला निरोप काढून माझ्यापुढं धरला. मिटिंग संपली त्याच दुपारचा होता.

"लिहत जा. मी वाचत जाईन."