आत्याचं चांगलं कोलेस्टेरॉल

माझी आत्या गाडी चालवायला शिकवते. तिच्या बाजूलाही ब्रेक असतो आणि त्यावर तिचा पाय कायम तयार, म्हणून शिकणारे तिला ब्रेकबाई म्हणतात. अंगकाठी सडपातळ, चाल तरतरीत, व्यसन कसलंच नाही. रक्त तपासलं की तिचं चांगलं कोलेस्टेरॉल नेहमी भरपूर निघायचं. बाबांचंही तसंच. "आमचं रक्तच खानदानी," असं म्हणत दोघं बहीणभाऊ इतरांना पथ्याचे डोस पाजायचे.

एका सकाळी चढावर तिच्या छातीत जोराची कळ आली. स्टिअरिंगवर एक निवृत्त गृहस्थ होते. आत्याने ब्रेक दाबून गाडी कडेला लावायला सांगितली, हँडब्रेक ओढला आणि म्हणाली, "घाबरू नका, चढ छान घेतलात. आता अ‍ॅम्ब्युलन्स बोलवा."

हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसला. जरा बरं वाटताच तिने डॉक्टरीणबाईंना धारेवर धरलं. "चांगलं एवढं होतं, मग हे झालंच कसं?"

त्यांनाही तेच कोडं पडलं होतं. त्यांनी जनुकांची तपासणी करून घेतली आणि निकाल आल्यावर खुर्ची जवळ ओढली.

"चांगलं कोलेस्टेरॉल रक्तवाहिन्यांतली चरबी उचलून यकृताकडे नेतं. तिथल्या पेशींवर ती उतरवून घेणारी प्रथिनं असतात, त्यांना स्कॅव्हेंजर रिसेप्टर म्हणतात. सफाईचं काम त्यांचं. तुमच्यात त्यातलं एक जन्मापासूनच नीट चालत नाही. माल उतरत नाही, रक्तातच फिरत राहतो. म्हणून आकडा मोठा."

"म्हणजे मी बिघाडच मिरवत होते की!" आत्या खो खो हसली आणि एकदम थांबली. "माझ्या भावाचा आकडाही असाच आहे."

बाबा ऐकेनात. "मला कुठे काय होतंय, ताई?"

"मलाही काही होत नव्हतं. शर्ट घाल, चल."

बाबांमध्येही तोच दोष निघाला आणि एक रक्तवाहिनी अरुंद होत चालली होती. तो दोष काढून टाकणारं औषध नाही, पण वाईट कोलेस्टेरॉल खाली ठेवता येतं. गोळ्या सुरू झाल्या. दुखणं येण्याआधीच बाबा सावध झाले.

मग माझी पाळी आली. माझ्यात तो दोष अर्धाच उतरलाय, म्हणजे जनुकाच्या दोन प्रतींपैकी बाबांकडून आलेली एकच बिघडलेली आहे. मी रिपोर्ट पुन्हापुन्हा वाचत बसले, तशी आत्या म्हणाली, "अगं, कळलंय ना? मग घाबरायचं कशाला? चल, आधी काहीतरी खाऊ."