हरणाचा चौथा पाय

आमच्या ह्यांना अर्धवट काम बघवत नाही. शेजारणीच्या कपाचा कान तुटला तरी जीव ह्यांचा कासावीस. लग्नाला तीस वर्षं झाली, पण वाढलेलं ताट कधी गरम असताना जेवले असतील तर शपथ. दगडावरची एक रेघ राहिली असेल तर घर पेटलं तरी उठायचे नाहीत. खडे कोरायचा धंदा. खडा लाखेने काडीला चिकटवायचा, फिरत्या बारीक चाकाला तेलातली हिऱ्याची पूड लावायची आणि केसाकेसाने झिजवायचं. शिक्का असेल तर सगळं उलटं आणि खोल कोरायचं, म्हणजे मेणावर दाबल्यावर सुलटं उमटतं. चुकलं तर खोडायची सोय नाही.

वस्तुसंग्रहालयाच्या साहेबांनी एकदा डबी आणली. कापसात लाल अकीकाची मुद्रा, अंगठ्याच्या नखाएवढी, हजारो वर्षांपूर्वीची. तिच्यावर मागे वळून बघणारं हरीण. मानेची शीर दिसावी इतकं नाजूक काम, पण मागचा एक पाय कोरायचाच राहिलेला. लोकांना हातात घेऊन बघायला तळहाताएवढी मोठी नक्कल हवी होती. "ही खरं तर इमारतीबाहेर काढता येत नाही. पण तुमचं चाक इथेच, काय करणार? आठ दिवस ठेवा," साहेब म्हणाले.

मोठी नक्कल सहा दिवसांत झाली, तीन पायांची, जशीच्या तशी. सातव्या दिवशी दुपारी हे बाहेर आले ते अस्सल मुद्रा हातात घेऊन. चेहरा नुकत्याच बाप झालेल्या माणसासारखा.

"बघ, उभं राहिलं," म्हणाले आणि मेणावर दाबून दाखवलं. चार पाय.

मी पाय पुन्हा मोजले. "अहो, हे काय करून बसलात?"

तेव्हा कुठे ह्यांच्या लक्षात आलं. शेवटचं माप घ्यायला मुद्रा काडीवर चढवली होती, चाक फिरत होतं, भिंग डोळ्याला होतं. हात आपोआप गेला. दुसऱ्या कुणाचा गेला नसता, पण हा ह्यांचा हात. "साहेबांना सांगून येतो," म्हणत चपला घालायला लागले.

"सांगून तुरुंगात जायचंय?" मी म्हटलं. "मूग गिळून गप्प बसा. हरणाचे पाय कोण मोजतंय?"

हे मी म्हटलं, ह्यांनी नाही. उगाच त्यांच्या माथी मारणार नाही.

साहेबांनी दोन्ही वस्तू नेल्या, उघडूनसुद्धा बघितल्या नाहीत. महिना सुरळीत गेला. मग बाहेरून संग्रहालयाच्या तपासणीला एक बाई आल्या, जुने फोटो आणि भिंग घेऊन. दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, साहेब आमच्या दारात, पांढरेफटक पडलेले.

"अस्सल कुठे विकलीत?"

"हीच अस्सल आहे. पाय तेवढा मी कोरलाय," हे म्हणाले.

"बाई म्हणतात, चारही पाय एकाच हाताचे आहेत. म्हणजे अख्खी मुद्राच तुमची. सोमवारपर्यंत खरी आणा, नाहीतर पोलीस येतील."

तीस वर्षांत ह्यांच्या हाताला एवढी मोठी शाबासकी कुणी दिली नव्हती, आणि तीच गळ्याशी आली. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. आम्ही पुन्हा दुधालाच तोंड लावलं. ह्यांनी तसलाच लाल अकीक शोधला आणि तीन दिवसांत नवी मुद्रा कोरली. चौथ्या पायापाशी हात थांबवताना मी ह्यांना रडताना बघितलं. मग मी ती वाळूच्या पिशवीत घालून हात दुखेपर्यंत घोळवली, जुनी दिसावी म्हणून.

सोमवारी बाईंनी अर्धा तास भिंगातून बघितलं आणि म्हणाल्या, "हीच ती." साहेबांनी चार पायांची डबी ह्यांच्याकडे सरकवली. "तुमचा माल तुम्हाला."

म्हणजे खरी मुद्रा आमच्या घरी आली. तोवर आम्ही चोर नव्हतो, आता झालो. ती परत कशी करणार, कुणाला सांगणार?

पंधरा दिवसांनी साहेब पुन्हा आले, निवांत. खुर्ची ओढून बसले.

"विकलेली वस्तू तीन दिवसांत परत येत नाही," म्हणाले. "मी खूप विचार केला. तुम्ही तेव्हा खरंच बोलत होतात. काढा ती चार पायांची."

ह्यांनी निमूट आणून दिली. म्हटलं, सुटलो एकदाचे. साहेबांनी डबी खिशात घातली आणि पिशवीतून सहा नव्या डब्या काढून ओळीने मांडल्या. बैल, सिंह, गरुड, आणखी कायकाय.

"ह्यांच्याही तशाच करा. नकला संग्रहालयाच्या कपाटात राहतील, अस्सल माझ्याकडे."

"मला जमणार नाही, साहेब."

"खोटी मुद्रा अस्सल म्हणून सरकारजमा कुणी केली? बाईंनाच विचारू का?"

हे माझ्याकडे बघायला लागले. चपला पायात घातलेल्या त्या दुपारी मी ह्यांना जाऊ दिलं असतं तर नोकरी साहेबांची गेली असती, बोलणी ह्यांनी खाल्ली असती, एवढंच.

"वहिनी," साहेब म्हणाले, "दाराला आतून कडी घाला."

मी घातली.