चार बोटं माती

वैजूताईची पहिली हार माझ्यामुळे झाली. आजवर कुणाला बोलले नव्हते, आज लिहून टाकते.

भारताकडून उंच उडी मारलेली आमच्या दहिवलीची वैजयंती. माझी चुलत बहीण. तिला जाऊन आज वर्ष झालं.

सकाळपासून मेसेज येतायत. "बिचारी, काही सोयी नव्हत्या."

बिचारी कसली? पेंढ्यावर उड्या मारून परदेशात गेलेली बाई आहे ती.

काकांच्या खळ्यात दोन बांबू रोवलेले, त्यांवर आडवी काठी, पलीकडे पेंढ्याचा ढीग.
शाळेतून टेप आणून बांबूवर उंचीच्या खुणा करायचं काम माझं.

काकांनी बजावलं होतं, "जिल्ह्याला नंबर आला तर उड. नायतर पुरे झालं."

जिल्ह्याला तिने रोजच्याच उंचीवर तीनदा काठी पाडली.


घरी येऊन तिने स्वतः टेप लावला.

भाताच्या झोडणीआधी खळ्यात नवी माती टाकून चोपली होती, वर सारवलं होतं. जमीन चार बोटं वर आलेली, खुणा मागच्या वर्षीच्याच.
म्हणजे रोज ती चार बोटं कमीच उडत होती. मी परत मोजलंच नव्हतं.

काकांनी विचारलं, "खुना कोनी केल्या?"



"मीच," ताई म्हणाली. "चूक माजी हाय. एक साल द्या, चार बोटं वर उडून दाखवते."

काकांनी बांबूच्या बुडाशी चार बोटं लावून पाहिली. "एकच साल."

पुढच्या वर्षी जिल्ह्यात पहिली. मग स्टेट, मग नॅशनल, मग इंडियाचा ब्लेझर.

मला तिने कधी बोल लावला नाही. परदेशातून आली की फक्त चिडवायची, "तिकडं माती नाय टाकत गं कोन."

रिटायर झाल्यावर ठाकुरवाडीच्या मुलींना शिकवायची. रोज प्रॅक्टिसआधी टेप.
"मॅडम, कालच तर मोजलं."
"काल मोजलंस ते काल. आज मोज."

आज ठाकुरवाडीला जाऊन त्या मुलींना म्हटलं, सुट्टी घ्या. नको म्हणाल्या. एकीने टेप माझ्या हातात दिला.

मी गुडघ्यांवर बसले. जमिनीपासून काठीपर्यंत मोजलं.
मग परत मोजलं.

बरोबर आहे, ताई.
ये आता.